जीप डिझेलची, ड्रायव्हर मालकाचा

आमच्या घरात दोन माणसं कधी एका बाजूनं बोलली नाहीत. आमटीत मीठ कमी पडलं तरी दोन तट पडायचे. त्यामुळं जीप भाड्यानं घ्यायची ठरली तेव्हा ती डिझेलची का पेट्रोलची यावरून भांडण लागणार, हे मला आधीच ठाऊक होतं. त्या भांडणात मीच सगळ्यांत पुढं असेन, हे मात्र ठाऊक नव्हतं. मला मोटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं.

कोल्हापूरचं संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती. नदीकाठच्या गावांतनं उसाला पाणी द्यायला तेलाची इंजिनं बसत होती आणि आमचं दुकान तीच विकायचं. इंजिन, पंप, पाइप, पट्टा. दुकान काढलं मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आणि चालवत होते आमचे मालक, म्हणजे माझे यजमान. इंजिन विकणं सोपं, ते चालू ठेवणं अवघड. ऐन उन्हाळ्यात गडहिंग्लजकडं एका बागायतदाराचं इंजिन बंद पडलं. माझं माहेर तिकडचं, म्हणून ते गिऱ्हाईक माझ्या ओळखीनं आलेलं. आमचा फिटर एस.टी.नं गेला, पुढं बैलगाडीनं गेला, आणि नटाखालचा एक वायसर विसरला म्हणून तसाच माघारी आला. तोवर त्या पावण्याचा ऊस वाळून चिपाड झाला. तो दुकानात आला आणि भर पेठेत असा काही ओरडला, की समोरचा किराणावाला तराजू तसाच लोंबकळत ठेवून बघायला आला.

"इंजान इकताना ग्वाड बोलता, आन् बंद पडल्यावर कुठं तोंड काळं करता वं?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच दिवशी मालकांनी ठरवलं, आता दाराशी गाडी पाहिजे. रस्ता संपतो तिथनं पुढं जाणारी, बांधावर चढणारी, चिखलात न रुतणारी. म्हणजे जीपच. विकत घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा वर्षाच्या बोलीनं भाड्यानं घ्यायची. पावसाळ्यात कुणी गाडी सोडेना. दिवाळी झाली आणि दोन गाड्या नजरेत आल्या. एक कसबा बावड्यात, पेट्रोलची. लढाईनंतर सरकारनं मोडीत काढलेल्या गाड्यांतली, एका म्हाताऱ्या पैलवानानं हौसेनं घेतलेली. दुसरी पेठ वडगावात, एका गुळाच्या व्यापाऱ्याकडं. तिचं मूळचं इंजिन काढून त्यानं डिझेलचं बसवून घेतलं होतं.

मला त्या जीपचं सोयरसुतक नव्हतं. माझा जीव अडकला होता तो भावजींत.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. सायकलची घंटी वाजवत गल्लीतनं जायचा आणि कुणी शिव्या घातल्या की आणखी वाजवायचा. मला कानडी हेल काढून चिडवायचा. लढाई लागली तसा घरात न सांगता मिलिट्रीत भरती झाला आणि ड्रायव्हर झाला. ब्रह्मदेशाच्या बाजूला होता, एवढंच आम्हाला कळलं. परत आला तो हातीपायी धड आला. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, देवीची खणानारळानं ओटी भरली. पण गेलेला माणूस आणि आलेला माणूस एक नव्हता. दुकानाच्या मागच्या अंगाला बसायचा, पुढं रॉकेलचं पातेलं, त्यात नट-बोल्ट धुवायचा. धुतलेलेच परत धुवायचा. हाक मारली की "व्हय". जेवायला बोलावलं की "आलो". लग्नाचं काढलं की "बघू". पेठेतले लोक म्हणायचे, लढाईनं पोरगं खुळं केलं. ज्यांना कधी तालुक्याबाहेर जायची वेळ आली नाही, त्यांनी हे म्हणावं! मला असा राग यायचा. खुळे नव्हतेच भावजी. नुसते गप्प होते.

घरात बाकी कशावर एकमत नसलं तरी यावर होतं, की हा गाडीशिवायचा ड्रायव्हर आहे. स्टिअरिंग हातात आलं की माणूस ताळ्यावर येईल. म्हणून गाड्यांची चौकशी करायलाही त्यांनाच पाठवलं. ते दोन्हीकडं जाऊन आले आणि सांगितलं ते असं. बावड्याचा पैलवान गाडी नुसती देणार. "मिलिट्रीचा गडी घरात असताना तुमाला डायवर कशाला पायजे?" म्हणाला म्हणे. वडगावच्या व्यापाऱ्याची मात्र अट होती, गाडीवर ड्रायव्हर त्याचाच बसणार. डिझेलचं मशीन आहे, दुसऱ्याच्या हातात तो देत नाही.

तेव्हा पेट्रोल आलं तर भावजी चाकावर बसणार, आणि डिझेल आलं तर भावजी पुन्हा त्या रॉकेलच्या पातेल्यापाशी. माझ्यापुरता प्रश्न एवढाच होता.

मालकांचं म्हणणं निराळं. डिझेल स्वस्त. डिझेलला ओढ जास्त, पाइप भरून बांधावर चढवली तरी हूं की चूं करणार नाही. आणि मुख्य म्हणजे, "आपण डिझेलची इंजनं इकतो. गिऱ्हाइकाच्या बांधावर पेट्रोल जाळत गेलो तर तो काय म्हणंल? ह्यांचाच ह्यांच्या मालावर इश्वास न्हाय म्हणंल." यातलं शेवटचं खरं होतं. कोल्हापुरातला माणूस एक वेळ उपाशी राहील, पण हसं होऊ देणार नाही.

मी पेट्रोलची वकील झाले. फिटरला चहावर चहा पाजला आणि जे जे कळलं ते ते चुलीपुढं पाठ केलं. रात्री ताटं वाढली की माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा. थंडीच्या सकाळी डिझेलची गाडी उठत नाही, अर्धा गाव ढकलायला लागतो. पेट्रोलची कळ दाबली की सुरू. डिझेलच्या गाडीत बसलं की दातांवर दात वाजतात. तिच्या धुराचा वास चार धुण्यांत लुगड्यातनं जात नाही.

"फिटर लुगडं नेसून जाणार हाय व्हय?" मालक म्हणाले.

आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मामंजींनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि म्हणाले, "बाजारात तुरी, आन् भट भटणीला मारी. गाडी आजून परक्याच्या दारात हाय, आन् हितं भांडी आपटाय लागली की."

माझं डोकं फिरलं. पळी ठेवली आणि म्हटलं, "मला डिझेल कळत न्हाय, पेट्रोल कळत न्हाय. मला तुमचा भाऊ कळतो." असं मी सगळ्यांदेखत कधी बोलले नव्हते. मालक जेवायचे थांबले. मग खाली मान घालून म्हणाले, "मलाबी कळतो. पर दुकानबी कळाय पायजे का नगो?" ते वाईट माणूस नव्हते. दोन्हीकडून ओढ लागली होती त्यांना.

भावजी तिथंच बसलेले असायचे. आम्ही बोलत असताना एकदा माझ्याकडं, एकदा मालकांकडं बघायचे, कुस्ती बघणाऱ्यासारखे. त्या रात्री तर हसले. किती वर्षांनी! मला वाटलं, पेट्रोलचं नाव काढलं की यांच्यात जीव येतोय. मी आणखी जोरात भांडायला लागले.

शेवटी मामंजींनी निकाल लावायची रीत काढली. ती त्यांची एकट्याची नव्हती, आमच्याकडं बैल घेताना सगळेच ती वापरतात. दात बघायचे, खूर बघायचे, पाठीवरनं हात फिरवायचा, एवढ्यानं कुणी बैल घेत नाही. त्याला पाण्यातनं घालून बघायचं. ओल्या रानात ओढायला लावायचं. एक रात्र आपल्या दावणीला बांधायचा, सकाळी कसा उठतो ते बघायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घेणाऱ्यानं स्वतः हाकून बघायचा. मालकाच्या हाताला बैल चालतोच. दुसऱ्यानं कासरा धरला की खरा गुण बाहेर येतो. मामंजी म्हणाले, "जीप म्हंजे तरी काय? न खाता हागणारा बैल. तशीच पारख करू." आत्याबाईंनी "काय त्वांड म्हनायचं का काय!" म्हणून कपाळाला हात लावला, पण रीत सगळ्यांना पटली.

बावड्याच्या खाली नदी थंडीत उथळ होते. तिथं एका सकाळी पैलवान आपली पेट्रोलची गाडी घेऊन आला. मालक, मामंजी, फिटर होते, आणि नदीवर धुणं घेऊन आलेली अर्धी आळी. मीही धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन गेले, घरी धुणं सगळं झालेलं असताना. मामंजींनी भावजींना सांगितलं, "बस चाकावर. घेणाऱ्यानं हाकायची."

भावजी म्हणाले, "मिलिट्रीत तसं नसतंय, आबा. नवी गाडी आली की डायवर आदी बाजूला बसतो. मालक चालीवतो. आपुन आवाज ऐकायचा."

मिलिट्रीचं नाव काढल्यावर मामंजींनी पैलवानालाच चाकावर बसायची खूण केली. घरात त्या एका बाबतीत भावजींचा शब्द शेवटचा. ते पैलवानाच्या शेजारी बसले, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. मला ते फार ऐटीचं वाटलं. माझा दीर काय जाणकार आहे, असं शेजारच्या बायकांना मी सांगितलंसुद्धा.

गाडी काठावरनं सरसर उतरली. चपळ होती, नाही म्हणायचं काम नाही. पाण्यात शिरली, मध्यापर्यंत गेली आणि फुस्स करून थांबली. पंख्यानं पाणी उडवलं आणि जिथं ठिणगी पडते तिथंच ते गेलं, असं फिटर म्हणाला. बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. पैलवान खाली उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि धोतराच्या सोग्यानं इंजिनातलं काहीबाही पुसायला लागला. भावजी जागचे हलले नाहीत. शेवटी मळ्यातली बैलजोडी आणली आणि जीप दोरखंडानं बाहेर ओढली. वाळल्यावर ती एका हाकेला सुरू झाली, पण तोवर व्हायचं ते हसं होऊन गेलं होतं. मी पाटीतलं सुकं लुगडं विनाकारण ओलं करून पिळलं आणि घरी आले.

मग वडगावची डिझेलची आली, व्यापाऱ्याचा ड्रायव्हर घेऊन. धूर सोडत, कण्हत, म्हातारीसारखी पाण्यात उतरली आणि पलीकडं चढली. तिथनं परत आली. डिझेलच्या इंजिनात ठिणगीची भानगडच नसते, पाणी विझवणार काय? मालकांनी मिशीवरनं हात फिरवला. रात्री रिवाजाप्रमाणं ती आमच्या दावणीला, म्हणजे दुकानापुढं राहिली. सकाळी थंडीनं अशी गारठली की उठेना. ड्रायव्हरनं हँडल मारून घाम गाळला. मी माडीच्या खिडकीतनं बघत होते आणि सांगायला हरकत नाही, मला आनंद होत होता. मग आमचा फिटर पुढं झाला. मळ्यातल्या इंजिनाला देतो तसा त्यानं रॉकेलचा पलिता पेटवून हवेच्या नळीपाशी धरला आणि गाडी धडधडली.

इथं आमच्या लोकांनी त्यांचीच म्हणावी अशी चूक केली. मळ्यातलं इंजिन एकदा लागलं की दिवस मावळेपर्यंत बंद करत नाहीत. पाणी पुरं झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हे अंगात भिनलेलं. जीपही कुणी बंद केली नाही. ती दुकानापुढं उभ्याउभ्या धडधडत राहिली. लोक येऊन बघून गेले, चहा झाला, मामंजींची अंघोळ झाली, शेजारच्या वैद्याच्या फळीवरच्या बाटल्या नाचून नाचून कडेला आल्या आणि तो भांडायला आला. वडगावचा ड्रायव्हर बिचारा दोनदा म्हणाला, "बंद करू का?" तर मालक म्हणाले, "करू नगो, आत्ता कुटं लागलंय." मध्यान्हीला टाकीतलं डिझेल संपलं आणि नळीत हवा शिरली. आता नवीन डिझेल ओतूनही सुरू होईना. ड्रायव्हरनं डोक्याला हात लावला. आमच्या फिटरला मात्र हे रोजचंच काम. दोन नट ढिले केले, हवा काढली, गाडी सुरू. आख्ख्या पेठेनं जाहीर केलं की ही गाडी आमच्याच जातीची आहे.

मामंजी संध्याकाळी म्हणाले, "एक पाण्यात बसती, एक थंडीत उठत न्हाय. खोड दोघींतबी हाय. आता ज्याचं हे काम त्यानं सांगायचं." आणि भावजींकडं वळले. "तू बोल. तू म्हणशील ती दारात यील. थोरल्यानं मधी बोलायचं न्हाय."

मामंजी किती धोरणी, ते मला त्या दिवशी कळलं. मालकांचं तोंडही बंद केलं आणि गाडी धाकट्याच्या ओंजळीत घातली. भावजींनी नुसतं 'पेट्रोल' म्हणायचं होतं. मी दाराआड उभी होते. मी मनात 'म्हणा, म्हणा' करत होते.

भावजी म्हणाले, "डिझेल घ्या."

मालकांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तेच म्हणाले, "आरं, इचार कर. त्यो डायवर..." भावजी म्हणाले, "गाडी चांगली हाय ती. धंद्याला तीच बरी." आणि उठून गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस ज्याच्यासाठी मी सासऱ्यादेखत तोंड उघडलं, त्यानंच आपल्या हातानं आपल्या ताटात माती कालवली! रात्री वाढताना मी त्यांना म्हटलंच, "शाणे हायसा तुमी. लई शाणे. बसा आता नट धूत." ते म्हणाले, "रस्सा वाढा की वैनी." मी वाढला, पण असा की निम्मा ताटाबाहेर गेला.

मग मला वाटलं, घोडं पेंड खातंय ते त्या व्यापाऱ्याच्या अटीपाशी. डिझेल तर डिझेल. ड्रायव्हर त्याचा कशाला? त्याला कुणी नीट सांगितलंच नसेल. पुरुष माणसं असल्या बाबतीत भिडस्त असतात, दोन शब्द बोलून विडी ओढून परत येतात. माझी थोरली बहीण, आमची अक्का, वडगावात दिलेली. सोमवारी तिकडं बाजार असतो. मी आत्याबाईंना सांगितलं, अक्काला बरं नाही, भेटून येते. अक्का ठणठणीत होती. तिला बरोबर घेतलं आणि दोघी त्या व्यापाऱ्याच्या वखारीत जाऊन उभ्या राहिलो. गुळाच्या ढेपांना माश्या लागलेल्या, व्यापारी तक्क्याला टेकून बसलेला. कोण, कुठल्या, सांगितल्यावर उठून उभा राहिला, पाणी मागवलं. माणूस अदबीचा होता. पण मी भांडायच्या तयारीनं आले होते.

"पावणं, तुमची गाडी आमाला पसंत हाय," मी म्हटलं. "पर डायवर तुमचा नगो. आमच्या घरात मिलिट्रीचा डायवर हाय. लढाईत गाडी चालीवल्याली हाय त्यानं. तुमचा हा गुळाच्या ढेपा न्हेणारा त्याच्यापुढं कोण? अट मागं घ्या."

व्यापारी माझ्याकडं बघत राहिला. "कसली अट, वैनी?"

"डायवर तुमचाच बसणार, ही."

तो अक्काकडं बघायला लागला. ती त्याच्या ओळखीची. मग खाली बसला. "मी कुटं अट घातली?" तो म्हणाला. "मी नुसतीच गाडी देत होतो. डायवर दिला तर हितं माझ्या मालाच्या टरकावर कोण बसणार? तुमचे दीर आले. म्हणाले, डायवर द्या तरच गाडी घेतो. आन् वर म्हणाले, घरात कुणी इचारलं तर अट तुमची हाय म्हणून सांगा. मी म्हटलं, असंल बाबा काय तरी. आता तुमी माझ्याच दारात भांडाय आलासा, म्हणून बोललो."

मी पाणी न पिताच उठले. अक्का वाटेत काय काय विचारत होती. मी तिला एस.टी.च्या थांब्यावर सोडून दिलं आणि घरी आले.

भावजी दुकानामागं होते. पातेलं पुढं होतंच. मालक वसुलीला गेलेले, मामंजी देवळात. मी चपला न काढता त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मी वडगावला गेलते," मी म्हटलं.

त्यांनी हातातला नट पातेल्यात सोडला. वर बघितलं नाही.

"त्यानं सांगितलं व्हय?"

"सांगितलं."

थोडा वेळ ते बोटं पुसत बसले. फडकं काळं होतं, त्यानं बोटं आणखी काळी होत होती. मग बोलायला लागले. लढाईतनं आल्यापासून त्यांना एका दमात एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"बावड्याला मी पयल्यांदा गेलतो न्हवं का, गाडी बघायला. पैलवान म्हणाला, बसा, फिरवून आणा. त्यो आत गेला. मी बसलो. सुरू केली. क्लच दाबला. आन् पाय उचलंना, वैनी. मी पायाला सांगतोय, ऊठ. त्यो उठंना. पुढं रस्ता मोकळा. एक माणूस न्हाय, जनावर न्हाय. अंगावरचा सदरा भिजून निथळाय लागला. किती येळ बसलो कुणाला ठावं. पैलवान च्या पिऊन भायेर आला आन् म्हणाला, पावणं, झोप लागली काय? मी म्हटलं, व्हय, जरा डोळा लागला."

मी तिथंच पायरीवर टेकले. "तिकडं काय झालतं?" मी विचारलं. "ब्रह्मदेशात?"

"ते नगो," ते म्हणाले.

मी ते पुन्हा कधी विचारलं नाही.

"मग सांगायचं की," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, पण आता तो रागाचा नव्हता. "आमी एवढी डोकी फोडून घेतली. मी दादल्याशी भांडले, सासऱ्यापुढं बोलले. एका शब्दानं सांगायचं."

"सांगणार होतो. रोज जेवताना वाटायचं, आता सांगतो." ते जरा हसले. "पर तुमी लई झ्याक भांडत होता. माझा दीर चालीवणार, माझ्या दिराचं काम. दादा म्हणायचा, त्याच्याएवढा डायवर जिल्ह्यात न्हाय, पर धंद्याचं बघाय पायजे. मला ते ऐकाय बरं वाटायचं. वाटायचं, आजून एक दिस असंच भांडू द्यात. घरात तरी मी आजून डायवर हाय."

मला रडू फुटलं. मी पदरानं तोंड पुसलं आणि उठले, कारण चूल पेटवायची होती.

त्या संध्याकाळी सगळे पानावर बसल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "अक्का कशी हाय?" मी म्हटलं, "अक्काला काय धाड भरलीया! मी त्या गाडीवाल्याकडं गेलते." मालकांचा हात थांबला. मामंजींनी मान वर केली. भावजी ताटाकडं बघत होते.

"लई नाठाळ माणूस," मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं, शेजाऱ्यांना जाईल असं. "मी सांगून सांगून दमले. आमच्या घरात एवढा तयारीचा डायवर हाय म्हटलं. लढाईत चालीवल्याली हाय म्हटलं. पाया पडायची तेवढी राहिले. पर त्यो आपला हट्ट सोडंना. डायवर माझाच, म्हणतोय. असल्या माणसाची जीभ झडू दे!"

"मला ठावंच हुतं," मामंजी म्हणाले. "गुळाचा यापारी, गाडीपरास मन बारीक." मालकांनीही त्याला एक जोरदार शिवी घातली. आत्याबाई म्हणाल्या, देव बघून घील त्याचं. त्या अदबीच्या माणसाला आमच्या घरानं पोटभर नावं ठेवली, आणि मी सगळ्यांत जास्त.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर भावजींनी भाकरी मोडली.

"जाऊ द्या, वैनी," ते म्हणाले. "दिली असती, तर चालीवली असती की मी."